पैसा सरकारचा, मग प्रश्न कुणाचा? (कृषी महाविद्यालयातल्या खतखड्ड्यापासून सुरू झालेला विचार)

रामबागकर

मंडळी, नमस्कार. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझी भाची मातीवर पीएचडी करते आहे. माळव्याच्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं शेणखत पडलेलं शेत आणि नुसत्या युरिया-डीएपीवर चाललेलं शेत, या दोन्हींत जिवाणूंचं काय होतं, हा तिचा विषय. प्रकल्पासाठी प्रस्ताव पाठवला, तो परत आला. हे कुठल्या राष्ट्रीय अभियानात बसतं ते दाखवा, तंत्रज्ञान कुठल्या पातळीवर आहे ते लिहा, तीन वर्षांत बाजारात जाईल असं काय निघेल ते सांगा, असं समितीचं म्हणणं. पोरगी रडली नाही, पण दोन दिवस जेवताना गप्प होती.

रविवारी सकाळी तिला घेऊन इथल्या, इंदूरच्या कृषी महाविद्यालयात गेलो. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिथे 1924 ते 1931 होते. तेव्हा त्याचं नाव इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री. आधी ते बिहारात पुसाला होते, 1905 पासून. तिथे त्यांना एकच त्रास: पीक एक आणि त्याचे तुकडे करून बुरशी एकाकडे, कीड दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे. शेत म्हणून कुणी बघेना. मग ते इंदूरला आले. होळकर दरबाराने सुमारे 300 एकर जमीन दिली, इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने पैसा दिला आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी आपापला वाटा उचलला. काडीकचरा नि शेणापासून खत करायची जी रीत इथे बसली, तिला आज जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव परदेशातल्या बागवानांच्या तोंडी आहे ते खताच्या ढिगामुळे. 1931 साली त्यावर पुस्तक आलं तेव्हा हॉवर्डसाहेबांच्या जोडीला सहलेखक होते यशवंत वाड. आपल्यातलंच नाव. किती जणांना ठाऊक आहे?

मला एवढंच विचारायचंय. दरबाराने जमीन दिली, कमिटीने पैसे दिले, पण काय शोधायचं ते हॉवर्डनी ठरवलं. आज सरकार पैसा देतं तेव्हा प्रश्नसुद्धा तेच देतं. हे नातं कधी बदललं? आणि बदललं ते बरं झालं का? माझं मत सांगून टाकतो: हिशेब मागा, कडक मागा, पण प्रश्न शास्त्रज्ञाला ठरवू द्या.

पोहेजिरावण

दादा, भाचीबद्दल वाईट वाटलं. पण तुमच्या गोष्टीत एक मेख आहे. कॉटन कमिटी काय धर्मादाय संस्था होती का? कापसाच्या गाठींवर उपकर लावून तिचा पैसा जमायचा आणि तिला हवा होता लांब धाग्याचा, चांगला कापूस. म्हणजे प्रश्न तेव्हाही पैसे देणाऱ्याचाच होता.

आणि सरकारने प्रश्न ठरवला की वाईटच होतं असं कुठाय? 1966 साली मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणायचा निर्णय सरकारनेच घेतला. सी. सुब्रमण्यम कृषिमंत्री होते, स्वामिनाथन शास्त्रज्ञ. ज्याला जे सुचेल ते करू दे म्हणून बसले असते तर रेशनच्या रांगा संपल्या नसत्या. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान उतरलं तेव्हा आमच्या गल्लीत फटाके फुटले. तेही सरकारनेच ठरवलेलं काम.

रामबागकर

मेख मान्य. पण पुढचं बघा ना. कापसाच्या पैशावर नेमलेला माणूस म्हणाला, कापूस सुधारायचा तर आधी जमिनीचं पोट भरलं पाहिजे. आणि त्याने खड्डे खणले. कमिटीने ‘हे आमच्या विषयात बसत नाही’ म्हणून फाईल परत पाठवली नाही. मी म्हणतो ती मोकळीक हीच.

राजेंद्रनगर

मी कॅटमधून निवृत्त झालो. आता नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, पण रिक्षावाल्याला आजही कॅटच सांगावं लागतं.

19 फेब्रुवारी 1984 ला राष्ट्रपती झैलसिंगांच्या हस्ते शिलान्यास झाला. सुखनिवासच्या बाजूला तेव्हा नुसतं माळरान होतं. इंडस-1 हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रकाश मिळवायचं यंत्र, चालू झालं 1999 मध्ये, इंडस-2 त्यानंतर 2005 मध्ये. मोजा: पहिल्या यंत्राला 15 वर्षं, दुसऱ्याला 21. इंडस-2 च्या वर्तुळाचा घेर 172.5 मीटर, त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत राहतात आणि वळणावर जो प्रकाश सोडतात त्यावर प्रयोग चालतात. या 15-21 वर्षांत दिल्लीत किती सरकारं आली नि गेली. एकानेही ‘तीन वर्षांत बाजारात काय येणार’ असं विचारलं असतं तर ते वर्तुळ अर्धवटच राहिलं असतं.

त्यामुळे मी दोघांशीही सहमत आणि दोघांशीही असहमत. प्रश्न सरकारनेच ठरवला होता: देशाला स्वतःचा सिंक्रोट्रॉन हवा. पण ठरवल्यावर धीर धरला. मला विचाराल तर बदललं आहे ते हेच. धीर कमी झाला.

एक आठवण सांगतो. छोट्या गावातल्या कॉलेजची मुलं प्रयोगासाठी यायची. रात्रीची पाळी मिळालेली, हातात आगपेटीएवढी डबी, तिच्यात चिमूटभर पूड. सहा-सहा महिने खपून केलेला नमुना. पहाटे चारला पडद्यावरच्या आलेखात त्यांना हवं ते टोक दिसलं की बाहेर येऊन आईला फोन करायची. आईला काय कळत असेल? पण फोन आईलाच.

शोधछात्रा

राजेंद्रनगर काका, ती डबी माझ्याही हातात होती दोन वर्षांपूर्वी. वाचून घसा दाटला.

माझं सांगते. संस्थेचं नाव लिहीत नाही. 1 जानेवारी 2023 पासून पीएचडी करणाऱ्यांची कनिष्ठ शिष्यवृत्ती महिन्याला 31,000 रुपयांवरून 37,000 झाली, वरिष्ठ 35,000 वरून 42,000. आनंदच झाला. पण मला सलग आठ महिने एक रुपयाही आला नाही. कागद इथून तिथे, तिथून इथे, एक सही राहिली, मग पोर्टल बदललं. त्या आठ महिन्यांत संध्याकाळी भंवरकुआंच्या एका क्लासमध्ये अकरावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. सकाळी प्रयोगशाळा, संध्याकाळी क्लास, रात्री प्रबंध. घरी सांगितलं नव्हतं. भाडं थकल्यावर घरमालकीणबाईंनी स्वतःच सांगितलं, ‘बेटा, आल्यावर दे.’

प्रश्न कोण ठरवतं हे मोठ्या लोकांचं भांडण आहे. आमच्यापुरतं सरकार आणि विज्ञान यांचं नातं म्हणजे महिन्याच्या शेवटी बँकेचा मेसेज येतो की नाही, एवढंच.

होळकरी

ताई, हे वर यायलाच हवं होतं. त्या घरमालकीणबाईंना माझा नमस्कार.

मार्चएंड

मी लेखा विभागात 34 वर्षं काढली, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

नियम हवेत कशाला हे सांगतो. मी ज्या संस्थेत होतो तिथे 30 मार्चला एक परदेशी यंत्र आलं. पैसे परत जाऊ नयेत म्हणून घाईने घेतलं होतं. ठेवायला खोली नाही, विजेचा दाब सांभाळणारं उपकरण नाही, शिकलेला माणूस नाही. लाकडी खोका व्हरांड्यात चार वर्षं पडून. पावसाळ्यात त्यावर ताडपत्री मीच टाकायला लावली. पाचव्या वर्षी उघडलं तेव्हा आत उंदरांनी तारा कुरतडलेल्या. तो लोकांचा पैसा होता. त्या दिवसापासून प्रत्येक बिलावर मी तीन प्रश्न विचारायला लागलो, आणि शास्त्रज्ञ मंडळी मला टाळायला लागली.

पण दुसरी बाजूही मीच सांगितली पाहिजे. सगळं सरकारी ई-बाजारातूनच घ्यायचं असा नियम आला तेव्हा रसायनाची शुद्धता आणि ऑफिसच्या खुर्चीचा टिकाऊपणा एकाच तराजूत गेले. सगळ्यात कमी भावाची बाटली यायची आणि प्रयोग फसायचा. मग पुन्हा मागणी, पुन्हा दोन महिने. जून 2025 मध्ये अर्थ मंत्रालयाने ढील दिली: संस्थाप्रमुखांना वैज्ञानिक सामान त्या बाजाराबाहेरून घेता येतं, आणि निविदेशिवाय खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख झाली. चांगलं झालं. माझ्या नोकरीत झालं असतं तर कितीतरी मुलांची वर्षं वाचली असती, हे मनापासून लिहितो.

शोधछात्रा, तुमचे आठ महिने ज्या टेबलावर अडकले तसल्याच टेबलावर मी बसायचो. त्या टेबलावरच्या माणसाला वाटतं, फाईल एक दिवस थांबली तर काय बिघडलं? पलीकडे भाडं थकतं हे त्याला दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं.

शोधछात्रा

काका, असं लिहिणारा लेखा विभागातला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. शिव्या नाही, धन्यवाद.

सयाजीगंजकर

बडोद्याहून लिहितोय. होळकरांचं झालं, आता गायकवाडांचं ऐका.

सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं. त्यामागे प्रा. त्रिभुवनदास गज्जर, रसायनशास्त्राचे. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम मातृभाषेत शिकवायचं ही त्यांची जिद्द, आणि त्यासाठी गुजराती-मराठीत शास्त्रीय पुस्तकं नि परिभाषा तयार करायला महाराजांनी पैसा दिला. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. गज्जरांच्या शिष्यांपैकी कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासोबत 1907 मध्ये अलेम्बिक ही औषध कंपनी उभी राहिली, ती आजही आहे.

थोडं विषयांतर: चापेकर बंधूंनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं. ते डाग कुणाला निघेनात. काढले ते याच गज्जरांनी!

आता मुद्दा. राजा चांगला होता म्हणून हे झालं. पुढचा राजा तसा नसला तर? रामबागकर, तुमच्या हॉवर्डची मोकळीकही मेहेरबानीच होती. आज कायदा आहे, समिती आहे, माहिती अधिकार आहे. तुमच्या भाचीचा प्रस्ताव का नाकारला हे लेखी मागता येतं. दरबारात कुणाला मागता आलं असतं? मला मेहेरबानीपेक्षा कायदा बरा वाटतो.

रामबागकर

सयाजीगंजकर, हा मुद्दा मनाला लागला. याचा मी विचार केला नव्हता. तरी एक म्हणतो, कायद्याने जे दिलं त्यात धीर आणि विश्वासही घालता आला पाहिजे.

होळकरी

सरकार, शास्त्रज्ञ आणि लोक हे तिघं एकत्र आले तर काय होतं त्याचा इंदूरचा दाखला खतखड्ड्याच्याही आधीचा आहे. पॅट्रिक गेडीस.

मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. होळकर दरबाराने शहराचा आराखडा करायला बोलावलं, 1918 मध्ये अहवाल दिला. शहरात प्लेग होता. गेडीस गल्लीगल्लीत हिंडायचे तर लोक घाबरायचे, साहेब आला म्हणजे घर पाडणार. मग त्यांनी दरबाराकडून दिवाळीची मिरवणूक मागून घेतली. मिरवणूक ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही, ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यात जास्त झाडलेली-सारवलेली असतील तिथून जाणार, असं जाहीर केलं. झालं, अख्खं शहर झाडू घेऊन उठलं. गाड्यांच्या गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि भलामोठा उंदीर, शेवटी दहन. लोकांना तुळशीची रोपं वाटली. त्या दिवशी या स्कॉटिश माणसाला इंदूरचा एक दिवसाचा महाराजा केलं होतं म्हणतात.

उंदीर आणि प्लेगचा संबंध हे तेव्हाचं नवं विज्ञान. ते त्यांनी हुकूम काढून सांगितलं नाही, सणातून सांगितलं. आपल्या पणजी-खापरपणजींनी त्या दिवशी ओसरी सारवली असेल, आणि सारवताना त्यांना कळलं असेल की हे कशासाठी. माझ्या मते विज्ञान आणि सरकार या दोघांच्या मध्ये तिसरा पाट लोकांचा असतो, आणि त्या पाटावर बसायला आता कुणी बोलावत नाही. विज्ञान लोकांपर्यंत नेणारी विज्ञान प्रसारसारखी सरकारी संस्था 2023 मध्ये बंद झाली, किती जणांनी हळहळ केली?

छप्पन

म्हणजे स्वच्छतेत पहिला नंबर आपल्या रक्तातच आहे! 2017 पासून ओळीने आठ वेळा. गेडीसबाबांना एक प्लेट पोहे माझ्याकडून.

पोहेजिरावण

पोहे म्हटलं की माझी परवानगी घ्यावी लागते.

छप्पन

परवानगी असावी, भिया. जिरावण जास्त.

एक खरा प्रश्न: गच्चीवर ओल्या कचऱ्याचं खत करते, पण वास येतो. ही इंदूर पद्धत घरी जमते का?

तात्या खंडवारोड

वास येतो म्हणजे हवा पोचत नाही, पाणी जास्त झालंय. वाळलेली पानं मिसळा, वर मूठभर राख नि थोडी माती, आणि दर पंधरवड्याला उलटंपालटं करा.

मूळ पद्धत सांगतो. खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद, फार खोल नाही. खाली काडीकचरा, त्यावर गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, राख, शेणकाला, असे थर. तीन वेळा पलटायचं, तीन महिन्यांत खत तयार. खरी अडचण कपाशीच्या पळाट्यांची. लाकडासारख्या कडक, कुजता कुजत नाहीत. हॉवर्डनी काय केलं तर त्या पळाट्या शेताच्या रस्त्यावर पसरून दिल्या. बैलगाड्या येता-जाता चाकांखाली त्यांचा चुरा व्हायचा. मग तो चुरा गोठ्यात बैलांच्या खाली अंथरायचा. यंत्र नको, पैसा नको. शेतकऱ्याची गाडी रोज जातेच आहे. ज्याने शेतकऱ्याचा दिवस उभं राहून पाहिलाय त्यालाच हे सुचतं.

1935 साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा ही रीत बघायला मुद्दाम त्या आवारात गेले होते. आमचे आजोबा सांगायचे.

आता सोयाबीनचं. माझी 18 बिघे जमीन आहे खंडवा रोडला. पूर्वी पावसाळ्यात माळव्यातली किती तरी काळी जमीन पडीक ठेवायचे आणि रब्बीत गहू-हरभरा घ्यायचे. साठच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने इलिनॉय विद्यापीठासोबत सोयाबीनवर काम सुरू केलं. 1987 मध्ये इंदूरला सोयाबीनचं राष्ट्रीय केंद्र आलं. जबलपूरचं जेएस 335 वाण 1994 च्या सुमारास आलं, पुढे 95-60. पडीक जमीन हिरवी झाली. माझं पक्कं घर, मुलीचं लग्न, मुलाचं इंजिनिअरिंग, सगळं त्या पिकाचं. म्हणून सरकारी विज्ञानाला कुणी नावं ठेवली तर मला लागतं.

पण एक खंत आहे. तेव्हा शास्त्रज्ञ बांधावर यायचे. चप्पल काढून मातीत उभे राहायचे, शेंगा मोजायचे, आमच्या घरी भाकरी खायचे. आता ॲप येतं, मेसेज येतो, प्रशिक्षणाचा फोटो निघतो. माणूस येत नाही. विचारलं तर म्हणतात, जागा रिकाम्या आहेत, आहे त्याच्याकडे तीन जणांचं काम आहे. मग सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग आला की आम्ही विचारायचं कुणाला? दुकानदाराला. तो सांगेल ती बाटली.

छप्पन

तात्या, पानं मिसळली. कळवते.

बॉस्टनचा इंदोरी

लोकमान्यनगरचा मी, 16 वर्षं इथे अमेरिकेत आहे. तुम्ही सगळे इथल्या व्यवस्थेला आदर्श मानत असाल म्हणून लिहितो.

इथला करार 1945 मध्ये सुरू झाला म्हणतात. युद्ध संपताना सरकारी संशोधनाचे प्रमुख व्हॅनिव्हर बुश यांनी राष्ट्राध्यक्षांना अहवाल दिला: मूलभूत संशोधनाला सरकारने पैसा द्यावा आणि दिशा शास्त्रज्ञांनी ठरवावी. 1950 मध्ये संशोधनाला सरकारी पैसा देणारं नॅशनल सायन्स फाउंडेशन आलं. रामबागकर, तुमचं मत नेमकं हेच. 75 वर्षं ते बऱ्यापैकी चाललं. मग फेब्रुवारी 2025 मध्ये एका शुक्रवारी आरोग्य संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेने जाहीर केलं की विद्यापीठांना वरखर्चासाठी फक्त 15 टक्के मिळतील. प्रकरण कोर्टात गेलं, तिथे अडवलं गेलं. पण त्या सोमवारी आमच्या प्रयोगशाळेत कुणी कामच करू शकलं नाही. वरखर्च म्हणजे उंदरांच्या खोलीची वीज, फ्रीजर, सफाई करणारी माणसं. नंतर बऱ्याच ठिकाणी चालू अनुदानंही रद्द झाली.

75 वर्षांचं वळण असं हलू शकतं तर कुठलीच व्यवस्था कायमची नाही. भाचीला सांगा, तिचा प्रस्ताव परत आला त्यात तिची काही चूक नाही.

राजेंद्रनगर

आकडे समोर असावेत म्हणून. आपला संशोधनावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या 0.64 टक्के. चीन 2 टक्क्यांच्या पुष्कळ वर. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, संशोधनाला पैसा देणारं जुनं सरकारी मंडळ त्यात विलीन झालं. पाच वर्षांत 50,000 कोटी, पण त्यातले सुमारे 36,000 कोटी सरकारबाहेरून, उद्योग नि दानशूरांकडून यायचे आहेत. जुलै 2025 मध्ये खासगी क्षेत्राच्या संशोधनासाठी 1 लाख कोटींची योजना मंजूर झाली, त्यात मुख्यतः कमी व्याजाचं किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचं कर्ज.

नात्यातला बदल इथे दिसतो. पूर्वी सरकार घरातल्या कर्त्यासारखं होतं, पैसा देणार आणि प्रयोगशाळाही स्वतःच चालवणार. आता ते म्हणतं, मी हमी देतो, उद्योगांनो तुम्ही या. लेसर, औषधं, चिप यांना हे चालेल, आनंदच आहे. आमच्याच केंद्रात तोंडाच्या कर्करोगाची तपासणी करणारं ऑन्कोडायग्नोस्कोप झालं, असल्या गोष्टी उद्योगाकडे जायलाच हव्यात. पण जमिनीतल्या जिवाणूंना गिऱ्हाईक कोण? शेणखताचं पेटंट कुणी घेईल का? जिथे गिऱ्हाईक नाही तिथे सरकारच उभं राहिलं पाहिजे. नाहीतर कुणीच राहणार नाही.

पोहेजिरावण

काका, हे पटलं. मी चांद्रयानाचं उदाहरण दिलं ते मागे घेत नाही, पण चंद्रावर जायला जसा धीर धरला तसा मातीलाही मिळावा, हे मान्य.

आणि शोधछात्रा, 37,000 चा निर्णय झाला म्हणून मी खूश होतो. पोचत नाहीत हे ठाऊक नव्हतं. आमच्यासारख्यांनी विचारायला हवं ते हे.

लष्कर ग्वाल्हेर

उशिरा आलो. ग्वाल्हेरची एक नोंद. आमच्याकडची संरक्षण प्रयोगशाळा मुळात 1947 ची जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा, शिंदे संस्थानची. उद्योगाला मदत व्हावी म्हणून निघालेली. पुढे संरक्षण खात्याकडे गेली, 1973 पासून तिचं नाव डीआरडीई. काम मोठं आहे, रोगनिदानाचे संच तिथे झाले. पण गुप्ततेमुळे गावाला आत काय चालतं ते कळायचं बंद झालं. लहानपणी आम्ही भिंतीपलीकडे बघायचो आणि एकमेकांना गोष्टी रचून सांगायचो. होळकरी म्हणतात तो तिसरा पाट इथे उचललाच गेला.

इंदूरकरांनो, 2022 मध्ये कृषी महाविद्यालयाच्या जमिनीसाठी पोरं धरण्यावर बसली होती ना? तो खतखड्डा आहे का अजून?

रामबागकर

जमीन आहे, मुलांनी लावून धरलं. हॉवर्डचा नेमका खड्डा मला दाखवता आला नाही, पण भाची एका शेताच्या कडेला उकिडवी बसली, मातीचं ढेकूळ हातात घेऊन दाबलं आणि वास घेतला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मामा, त्यांना पुस्तकात वाडांचं नाव का घालावंसं वाटलं असेल?’ मी म्हटलं, शेतावर रोज दोघं बरोबर उभे असणार.

मंडळी, सगळं तिला वाचून दाखवलं. सयाजीगंजकरांच्या सांगण्यावरून कारणं लेखी मागणारा अर्ज ती सोमवारी टाकते आहे. प्रस्ताव बदलून पुन्हा पाठवणार, पण विषय तोच ठेवून. मार्चएंड, खर्चाचा तक्ता तुम्ही एकदा बघाल का? तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मार्चएंड

पाठवा. आजच बघतो. आणि यंत्र मागितलं असेल तर खोली नि विजेची सोय आधी लिहायला सांगा.

तात्या खंडवारोड

रामबागकर, माझ्या शेतात विहिरीच्या अंगाला दोन बिघे आहेत, तिथे वडील असल्यापासून फक्त शेणखत पडतं, कारण गोठा जवळ आहे. बांधापलीकडचे दोन बिघे नुसत्या खतांच्या गोण्यांवर. माती एकच, पाणी एकच, पीक एकच. तिला हवी ती दोन शेतं शेजारी-शेजारी आहेत. प्रस्ताव मंजूर होईल तेव्हा होवो. सोयाबीन निघालंय, जमीन मोकळी आहे, गव्हाची पेरणी व्हायच्या आत नमुने घ्यायला सांगा.

शोधछात्रा

रामबागकर काका, मीही येऊ का? आमच्याकडे निर्जंतुक पिशव्या आहेत, आणि नमुने न्यायला बर्फाचा डबा माझा.

रामबागकर

ये बाळा. रविवारी सकाळी सात वाजता नवलख्याला भेटू. तात्या, खुरपी किती आणायच्या?

तात्या खंडवारोड

खुरपी आहेत. येताना पोहे आणा, चार जणांचे.